दादाची तिसरी खेप

बाबा, दादा उद्या तिसऱ्यांदा येणार आहे. दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मी त्याला हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प बसलो. उद्या संध्याकाळी दारफणी लागते. दिवस मावळला की आपण दार लावून घ्यायचो, पांढरे कपडे घालून बसायचो, दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही. इकडे तिला कोणी दारफणी म्हणत नाही, किप्पूर म्हणतात, आणि मी चुकून आपला शब्द बोललो की गोठ्यावरची पोरं हसतात. तर ती लागायच्या आधी दादाला माझ्याकडून माफी पाहिजे. ती द्यायची की नाही हे मला तुम्हाला विचारायचंय, आणि तुम्ही तर जाऊन सात-आठ वर्षं झाली.

दुपारची धार आटपून आलोय. रात्रीच्या धारेला अजून अवकाश आहे, म्हणून पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली बसून लिहितोय. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, सातवीत शाळा सोडली तेव्हा होतं तसंच आहे, उलट बिघडलंय. इस्रायलच्या दक्षिणेकडे, नजर जाईल तिथपर्यंत पिवळी माती, आणि तिच्यामध्ये आमचा गोठा. गायी सगळ्या काळ्या-पांढऱ्या, कानात नंबराचा बिल्ला, नाव एकीला पण नाही. मराठी बोलायला माणूस नाही म्हणून त्यांच्याशीच बोलतो. "सरक गं बाये" म्हटलं की सरकतात. धार मशीन काढतं, मी फक्त सडाला नळ्या लावायच्या आणि काढायच्या, तरी संध्याकाळी खांदे असे दुखतात की जेवायचा कंटाळा येतो. तुम्ही असता तर म्हणाला असतात, जेव आधी, मग थक. इथे कोणी म्हणत नाही. कोण म्हणणार?

आपली आरे कॉलनीतली खोली आठवते. दोन खोल्या, मागे मोरी, आणि मोरीच्या बाजूला आपली ती खादाड बकरी. तुम्ही गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन, तबेल्यातबेल्यांत फिरून म्हशींना सुया टोचणारे, आणि घरी आमच्याकडे एक बकरी. आई गेल्यावर सकाळी स्टोव्ह तुम्हीच पेटवायचात. चहा उकळलेला असायचा, मी कप घेऊन बसलेला असायचो, आणि तुम्ही विचारायचात, "तिला पाला टाकलास?" नसेल टाकला तर चहा मिळायचा नाही. आपल्यात सांगितलंय म्हणे, जनावराच्या तोंडात पडल्याशिवाय आपल्या तोंडात घालायचं नाही. दादा म्हणायचा, "बाबा, हे शेतकऱ्यांसाठी लिहिलंय, तीन हजार वर्षांपूर्वी. आपण मुंबईत राहतो." तुम्ही म्हणायचात, "बकरीला सांग मुंबईत राहतो म्हणून." मग दादाच उठायचा, कॉलेजची इस्त्रीची पँट दुमडून पाला टाकायचा, आणि बकरी नेमकी त्याचीच बाही चावायची. झकास दिवस होते ते, तेव्हा कळत नव्हतं इतकंच.

आणि त्या फळ्या. वरच्या फळीवर दुधाची भांडी, खालच्या फळीवर मटणाची. दोन्ही कधी एकत्र घासायची नाहीत. दुधाच्या कॉलनीत राहून, दारात म्हशीच म्हशी असून, ज्या दिवशी मटण शिजायचं त्या दिवशी रात्रीपर्यंत दुधाचा चहा बंद. पाहुण्यांना याचं फार हसू यायचं. तुम्ही कधी कोणाला समजावत बसला नाहीत. मला एकदा सांगितलंत, की माणसाला मध्ये थांबता आलं पाहिजे, एक गोष्ट संपली आणि दुसरी सुरू झाली याच्यामध्ये. ते मला कधी जमलं नाही. गॅरेज धरलं, सोडलं. अंधेरीला प्लास्टिकच्या कारखान्यात लागलो, सोडलं. पावडर कोटिंग, कुरिअर, टेम्पोवर क्लीनर. सगळीकडे महिना-दोन महिने बरं वाटायचं आणि मग पायांत किडे वळवळायला लागायचे.

शनिवारी तर माझी वाट लागायची. शब्बाथ. तुम्ही दवाखान्यातल्या दुसऱ्या स्टॉकमनशी बोलून ठेवलं होतं, रविवार तुम्ही करायचा, शनिवार त्यानं. शुक्रवारी संध्याकाळी तेलाचा दिवा लावायचा, काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत पेल्यात ओतायचं, तुम्ही त्यावर किद्दुशची प्रार्थना म्हणायची, की झालं. मग दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत काडी ओढायची नाही, काम करायचं नाही, बसायचं. आपली मशीद, बाकीचे सिनेगॉग म्हणतात ती, लांब होती, आणि शब्बाथला गाडीत बसायचं नाही, म्हणून आपण घरातच. मी खिडकीतून बाहेर बघत बसायचो, पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळायची. एकदा मी चिडून बोललो, "बाबा, किती कामं पडलीत! पत्रा गळतोय, सायकल पंक्चर आहे. बसून काय होणार?" तुम्ही म्हणालात, "सगळं झालंय असं समजून बस." मी म्हटलं, "पण झालेलं नाही ना!" "झालेलं नाहीच. होणार पण नाही. मी मरेन तेव्हा पण पत्रा गळतच असेल. एक दिवस समजून बस." मला ते तेव्हा येडेपणाचं वाटलं. आता वाटत नाही, पण बसता अजून येत नाही.

तबेलेवाल्या शेठची ती म्हैस आठवते ना? तिचं रेडकू मेलं आणि तिनं पान्हा सोडणं बंद केलं. गडी खाली बसला की लाथ. एकाची तर कोपरापासून सालं काढली तिनं. कास टम्म भरलेली, वेदनेनं म्हैस ओरडायची, आणि शेठ डोक्याला हात लावून बसलेला. तुम्ही तपासायला गेलात, नुसते तिच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी पुटपुटत बसलात, आणि तिनं पान्हा सोडला. त्या दिवसापासून ते तुमचंच काम झालं. रोज सकाळ-संध्याकाळ. मी बरोबर यायचो, बाजूला बसायचो, मग तिला माझा पण हात चालायला लागला. दोघांशिवाय तिसऱ्याला नाही.

मग शनिवार आला. मी म्हटलं आता काय करणार? तुम्ही मशिदीत प्रार्थना सांगणाऱ्या हज्जानांना आधीच विचारून ठेवलं होतं. सकाळी चालत तबेल्यात गेलात, म्हशीखाली बसलात आणि धार जमिनीवर सोडायला लागलात. दुधाचा ओघळ गटाराकडे. शेठ धावत आला.

"क्या डाक्टरबाबू! पूरा दूध धरतीमाता को?"

तुम्ही तुमच्या त्या मोडक्या हिंदीत म्हणालात, "आज शनिवार है. आज मैं इसका दर्द निकालता है, दूध नहीं निकालता."

"कल निकाला तब दर्द नहीं था क्या?"

गडी सगळे फिदीफिदी हसले. तुम्ही पण हसलात. एका गड्यानं हळूच बादली सरकवली तसे तुम्ही हात काढून घेतलेत. "बादली ठेवेगा तो मैं उठता है." शेठनं त्याला शिवी हासडून बादली उचलायला लावली. घरी येताना मी विचारलं, बाबा, हे असं का? जनावराला काय कळतं जमीन की बादली? तुम्ही म्हणालात, "तिला नाही कळत. मला कळतं. शब्बाथला तिच्यासाठी बसलोय की दुधासाठी, हे माझं मला कळलं पाहिजे." पुढच्या शनिवारी शेठच गड्यांना सांगत होता, "हटो सब, आज डाक्टर की छुट्टी है, आज भैंस का रिश्तेदार आया है."

त्याच तबेल्यात दादानं ती भानगड केली होती, त्याच्या बरीच वर्षं आधी. दादा नुकताच कॉलेजात गेला होता. एक तरणा गडी धार काढताना बादलीतलं दूध ओंजळीनं प्यायचा, ते दादानं पाहिलं, आणि शेठ, गडी, दूध न्यायला आलेली माणसं सगळी असताना मोठ्यानं म्हणाला, "शेठ, हा चोर आहे, बघा याच्या मिशीला फेस लागलाय." सगळे त्या गड्याकडे बघायला लागले. त्याचं तोंड मला अजून दिसतं. तुम्ही घरी आल्यावर दादाला म्हणालात, "रक्त काढलंस त्याचं." दादा म्हणाला, "मी खोटं बोललो का?" "खरं बोललास. चारचौघांत बोललास. माणसाचं तोंड पांढरं पडतं तेव्हा रक्तच जातं ना कुठेतरी? जा, माफी माग." दादा म्हणाला, "दारफणी येईल तेव्हा मागेन की देवाची." तुम्ही इतके चिडलेले मी क्वचित पाहिलेत. म्हणालात, देवाचं काय घेतलंस तू? ज्याचं घेतलंस त्याच्याकडे जा. त्यानं माफ केल्याशिवाय देव तुझ्याकडे बघणार पण नाही. एकदा नाही म्हणाला तर परत जा. परत नाही म्हणाला तर परत. तीनदा गेल्यावर पण त्यानं दिली नाही, तर मग पाप फिरतं, न देणाऱ्याच्या डोक्यावर जातं.

दादा गेला, मला सोबतीला घेऊन. शेणातून इस्त्रीची पँट सांभाळत. पहिल्यांदा त्या गड्यानं पाठ फिरवली. दुसऱ्यांदा आई-बहिणीवरून दिल्या, दादाचे कान लाल. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं दादाला बखोट धरून खाली बसवलं, बादलीतलं दूध गिलासात काढलं आणि पुढे केलं, "पिओ." दादा माझ्याकडे बघायला लागला. "पिओ बोला ना!" दादानं गटागटा प्यायलं. तो म्हणाला, "अब तू भी चोर. चल, हिसाब बराबर," आणि असा हसला की आम्ही पण हसायला लागलो. घरी येईपर्यंत दादा हसत होता. म्हणजे हे सगळं दादाला माहीत होतं बाबा. स्वतः तीनदा जाऊन आलेला माणूस होता तो. म्हणूनच मला पुढचं जास्त लागलं.

मी सुरतेला पळून गेलो होतो ते तर तुम्हाला आठवत असेलच. साडीच्या कारखान्यात काम आहे म्हणून कोणीतरी सांगितलं, निघालो, चिठ्ठी पण ठेवली नाही. पावसाळा उलटून गेल्यावर परत आलो, ताप घेऊन. दादा तोवर लग्न करून कांदिवलीला राहायला गेला होता, तो येऊन माझ्यावर ओरडून गेला. तुम्ही ताप उतरल्यावर माझ्या मापाचे गमबूट आणून दारात ठेवलेत. "तबेल्यात चिखल फार आहे, अनवाणी येऊ नको," एवढंच. त्याच्या आधी मला कोणी माझ्या मापाचं काही आणलं नव्हतं, सगळं दादाचं जुनं. त्या दिवसापासून मी तुमच्याबरोबर रोज फिरायला लागलो. तोवरच्या आयुष्यात तेवढीच दोन वर्षं मी एका जागी टिकलो.

आता तो शनिवार. लिहायचा कंटाळा येतो, दर वेळी इथे येऊन थांबतो. पहाट नुकती झाली होती. तुम्ही कॉटवर उठून बसला होतात, छातीवर हात. म्हणालात, गॅस झालाय, जरा खायचा सोडा दे पाण्यात. मी दिला. तुम्हाला घाम आला होता. मी विचारलं, "दवाखान्यात जाऊन फोन करू का डॉक्टरला?" तुम्ही हात हलवलात. "अरे, गॅस आहे. ती वाट बघत असेल, तू जा. जमिनीवर काढ आणि सावकाश काढ, घाई करू नको." मी दारात थांबलो. तुम्ही म्हणालात, "जा ना रे, ती ओरडतेय." इतक्या लांबून तिचं ओरडणं तुम्हाला ऐकू येणं शक्य नव्हतं. मला ते तेव्हाच कळलं होतं, तरी गेलो. शेठनं विचारलं, आज एकटाच? मी म्हटलं, बाबांना बरं नाही, त्यांनी पाठवलंय. धार जमिनीवर सोडली. सावकाश सोडली, तुम्ही सांगितलं होतंत म्हणून. परत आलो तेव्हा तुम्ही खुर्चीत बसला होतात, डोक्यावर टोपी, तोंड दाराकडे. मी म्हटलं, "झाली धार." मग जवळ आलो.

शब्बाथ होता म्हणून रविवारी पुरलं. मग सात दिवस आपण जमिनीवर बसायचं असतं तसे मी आणि दादा शेजारी-शेजारी बसलो होतो. लोक येत होते, ठाण्याहून, कुर्ल्याहून. एक दिवस खोली भरलेली होती, हज्जान पण आले होते. कोणीतरी विचारलं, "कसं झालं हो अचानक?" आणि दादा म्हणाला, "अचानक कसलं? बाप घामानं भिजलेला होता आणि हा म्हशीची धार काढायला गेला. जीव वाचवायला शब्बाथ मोडता येतो हे आपल्यात लहान पोराला पण ठाऊक आहे. फोन करायला दवाखाना पाच मिनिटांवर. पण याला घरात कधी बसवलंय?" आत्या म्हणाली, "गप रे! मयताच्या घरात असं बोलतात?" पण बोलून झालं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ते पटलं, कारण मी कोण होतो? सुरतेला पळालेला, पाच नोकऱ्या सोडलेला. मी सांगू शकलो असतो की तुम्हीच पाठवलंत. तोंडापर्यंत आलं होतं. मग वाटलं, सांगितलं तर लोक म्हणतील, बापाचंच चुकलं. तुम्ही गेल्यावर तुमचं काही चुकलं असं कोणी बोललेलं मला चाललं नसतं. म्हणून गप्प बसलो, आणि तेव्हापासून दादाशी बोललो नाही.

क्वार्टर रिकामं करावं लागलं. बकरी शेठला दिली. तेव्हा आपले लोक भराभर इकडे यायला निघाले होते, आज याचा निरोप, उद्या त्याचा. आत्याच्या घरच्यांबरोबर मी पण निघालो. कागद भरताना काय काम येतं विचारलं, मी म्हटलं गुरांचं, त्यांनी इथे पाठवलं. दादा दोन वर्षांपूर्वी आला, बायको-मुलांना घेऊन, समुद्राकाठच्या शहरात, कारखान्यात लागलाय. आत्याकडून कळलं. मी गेलो नाही, तो आला नाही.

या वर्षी दादा मेहुण्याच्या लग्नाला मुंबईला गेला होता. मुलांना आरे दाखवायला घेऊन गेला, आणि तिथे शेठ भेटला. म्हातारा झालाय म्हणे, पण ओळखलं त्यानं. म्हणाला, "तुम्हारे छोटे को उस दिन डाक्टरबाबू ने ही भेजा था. बेचारा रोते-रोते धार निकाल रहा था." मी रडत होतो हे मला आठवत नाही बाबा. शेठ वाढवून सांगत असेल. पण दादा परत आला आणि नव्याचा सण होऊन नवं वर्ष लागल्यावर, दारफणीच्या आधीचे हे जे दिवस असतात ना, त्यांत पहिल्यांदा इथे आला.

फाटकाशी उभा होता. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. त्यानं दोन्ही हात पुढे केले, आपण मशिदीत प्रार्थना संपल्यावर एकमेकांचे हात धरतो आणि मग बोटं ओठांना लावतो तसे. माझ्या हाताला शेण होतं. तेवढं कारण पुरलं, हात दिला नाही. खोलीत नेऊन पाणी दिलं. तो म्हणाला, "चुकलं माझं." गोठ्याचा आवाज येत होता, तो ऐकत दोघं बसलो, मग बसची वेळ झाली.

दुसऱ्यांदा परवा आला. वहिनीनं केलेल्या करंज्या घेऊन. या वेळी बोलला. "तुला माहितेय का मी तसं का बोललो? सगळे मला विचारत होते, तू मोठा, तू कुठे होतास? मी कांदिवलीला झोपलो होतो. शनिवार, सुट्टी. दोन महिन्यांत आलो नव्हतो बाबांकडे. कोणाच्या तरी डोक्यावर टाकायचं होतं." मग करंज्यांची पुडी सोडत म्हणाला, "तू शेजारीच बसला होतास, टाकलं तुझ्यावर." मी करंजी खाल्ली. वहिनी साखर अजून जास्तच घालते. तो हसला, म्हणाला, "शिव्या तरी दे रे. त्या गड्यानं निदान शिव्या तरी दिल्या होत्या." माझ्या तोंडावर हसू आलं होतं, मी ते खाली बघून लपवलं. उठताना तो म्हणाला, "बाबांनी तीनदा सांगितलंय. दारफणीच्या दिवशी येतो तिसऱ्यांदा. पुढे तुझं तू बघ." आवाजात राग नव्हता, थकला होता. माझ्यासारखाच.

तर आता काय करू? तुम्ही म्हणाल, विचारतोस काय, दे माफी. पण तुम्हाला एक सांगतो. परवा तो गेल्यावर मी राग शोधला. इतकी वर्षं बाळगलेला, कुठे जाईल? तुमची खुर्ची आठवली, ती भरलेली खोली आठवली, हज्जानांनी खाली घातलेली मान आठवली. काहीच पेटलं नाही. तो करंज्यांची पुडी सोडत असतानाच कधीतरी संपला असणार. मग मी तेव्हाच का नाही म्हटलं, दादा जाऊ दे? कारण म्हटलं असतं तर तो उठला असता. दादाला तुम्ही ओळखता. काम झालं की त्याच्या पायांत चप्पल. डोक्यावरचं ओझं उतरवून तो पोरांकडे, वहिनीकडे, कारखान्यात गेला असता, आणि पुन्हा वाळवंटातून दोन तास बसनं कशाला येईल तो? इथे काय आहे? एक मी आणि नंबर लावलेल्या गायी. तिसऱ्यांदा नाही म्हटलं तर पाप माझ्या डोक्यावर फिरेल, त्याची मला फारशी भीती नाही. हो म्हटल्यावर काय, त्याची आहे.

सकाळी धार काढताना ठरवलं. तो बसमधून उतरेल तेव्हा फाटकातच सांगेन, त्याला तोंड उघडू देणार नाही. हात धुऊन उभा राहीन. तुम्ही त्याला तीनदा चालायला लावलं असतंत, पण मी तुमच्याएवढा धीराचा नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुमचा पत्ता मुंबईच्या कबरस्तानातला, आणि तिथे कोण वाचून दाखवणार? पण उद्या दार लागायच्या आधी तुम्हाला एवढं सांगून ठेवतो. दादा जाताना विचारत होता, कुठल्या बसनं येऊ. मी म्हटलं दुपारच्या ये, सकाळी मला ड्युटी आहे. त्याच्या शहरात दारफणी लागायच्या दिवशी पण दुपार कलेपर्यंत गाड्या असतात, त्याला वाटतं इकडे तसंच असेल. इकडे दुपारची आली की ती शेवटची. ड्रायव्हर आमच्या इथलाच, गाडी घराशी लावतो, आणि मग दारफणी सुटेपर्यंत रस्त्यावर चाक फिरत नाही. वहिनी मुलांना घेऊन आत्याकडे जाणार आहे, तिची काळजी नाही. मी एक जास्तीची खाट मागून आणलीय, पांढरा सदरा धुऊन वाळत घातलाय, त्याच्या मापाचा नाही पण होईल.

सकाळी मला ड्युटी नाही, बाबा.